मजूर बनवतोय म्हणे आम्ही!

खडूस_मास्तर: काल इथे एकाने लिहिलं, 'खेड्यातल्या शाळेत वेल्डिंग, गवंडीकाम शिकवणं म्हणजे मजूर तयार करायची सोय, त्यापेक्षा कोडिंग शिकवा.' झोप लागली नाही वाचून. आमच्याकडे पाबळच्या विज्ञान आश्रमाचा मूलभूत तंत्रज्ञान विषय आहे, आठवड्यातला एक दिवस त्याचाच. डॉ. कलबागांनी हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधन सोडून १९८३ला आश्रम काढला तो काय मजूर पुरवायला? मागच्या महिन्यात पोरांनी नळांचा कट्टा बांधला. गणितात कायम गप्प बसणारी एक पोरगी एकीकडे ३ फूट, दुसरीकडे ४ मोजून तिरकं ५ भरेपर्यंत दोरी सरकवत होती, कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात आणायला. म्हटलं हे काय? म्हणे पायथागोरस, फळ्यावर तुम्हीच अवघड केलं होतंत सर.

रंधा_सोडलेला: ती पोस्ट माझीच. आजोबा सुतार, वडील सुतार, मी रंधा सोडला म्हणून आज पेन्शनची नोकरी आहे. १९५३ला मद्रासमध्ये मुख्यमंत्री राजाजींनी हेच काढलं होतं, थोडा वेळ शाळा आणि उरलेला वेळ बापाचा धंदा. लोक पेटले, ५४ला गुंडाळावं लागलं. तुमचा मुलगा कुठल्या शाळेत आहे हो मास्तर?

दोन_पोरांची_आई: खेड्यात निदान पोरं स्वतः करतात. शहरात कार्यानुभव म्हणजे आईचा अनुभव. रात्री दहाला आठवतं, 'उद्या पवनचक्की न्यायचीये'. ग्लू गनचा चटका अजून बोटावर आहे माझ्या!!

पुणेकर७७: मग करून देता कशाला?

दोन_पोरांची_आई: कारण लेकाने स्वतः केलेल्या वाकड्या पुलाला १० पैकी ४ आणि शेजारच्याच्या दुकानातून आणलेल्या ज्वालामुखीला ९!

पुणेकर७७: आमच्या इथे तयार सूर्यमाला पण मिळते, ग्रहांना नावं चिकटवून. थर्माकोलची. बंदी २०१८पासून, पण शाळेलाच तेच लागतं.

दोन_पोरांची_आई: आणि बाई वर म्हणतात 'पालकांनी मदत करू नये'. हसू की रडू?

खडूस_मास्तर: तुमचं ज्वालामुखी-पुराण संपलं का? @रंधा_सोडलेला, माझा मुलगा तालुक्याला इंग्लिश मीडियमला आहे. झालं समाधान? पण राजाजींचं इथे लावू नका, तिथे बापाचाच धंदा होता. इथे पाटलाचा पोरगा पण वेल्डिंगचा रॉड चिकटला की शिव्या घालतो, आणि पोरी चिपिंग हॅमर घेऊन त्याचं वेल्ड ठोकून बघतात.

रंधा_सोडलेला: इंग्लिश मीडियम! वाटलंच. बरं, पाटलाचा पोरगा रॉड धरतो हे मानलं. काळी काच तरी सगळ्यांना देता ना? चुलतभाऊ काचेशिवाय करायचा, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखा ओरडत उठायचा.

खडूस_मास्तर: काचा सहा, पोरं वीस. पाळीने. काच नाही तर रॉड नाही.

रंधा_सोडलेला: हं. आणि त्या पोरीला कट्ट्याच्या कोपऱ्याचे मार्क गणितात दिलेत?

खडूस_मास्तर: नाही. गणिताचा पेपर वेगळा असतो.

रंधा_सोडलेला: मग मी तेच म्हणतोय ना कालपासून.