मदत हवी आहे: कोटणीसांच्या शेजारी गलवान लावायचं की नाही?

कडक भाकरी
नमस्कार मंडळी. सोलापुरात कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. १० ऑक्टोबरला डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची जयंती. त्यानिमित्त पोरं भारत-चीन संबंधांवर भित्तिप्रदर्शन करताहेत. कोटणीसांचा भाग तयार आहे: १९१० चा इथला जन्म, १९३८ साली काँग्रेसने चीनला धाडलेलं पाच डॉक्टरांचं पथक, चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीच्या जखमींवरचे उपचार, चिनी परिचारिका कुओ छिंगलानशी लग्न, १९४२ च्या डिसेंबरात तिकडेच मृत्यू. भैय्या चौकातलं स्मारक पोरांनी लहानपणापासून पाहिलंय, तिथे काही अडत नाही.

अडलंय पुढच्या भिंतीवर, लडाखमधल्या गलवान खोऱ्यात जून २०२० ला चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीपाशी. समितीतले एक ज्येष्ठ म्हणतात, कोटणीस म्हणजे मैत्री, तिथे गलवान कशाला? तर एका पालकांचा निरोप, मैत्रीबित्री राहू द्या, आधी २० शहीद जवानांचे फोटो लावा. वर्गात घरी तेलुगू बोलणारी पोरं बरीच आहेत, आणि त्या झटापटीत शहीद झालेले कर्नल संतोष बाबू तेलंगणातल्या सूर्यापेटचे. त्यामुळे हा विषय इथे लांबचा नाही.

मला दोन्ही हवंय, तेही एकाच भिंतीवर. कारण घडलंच तसं. २०१३ च्या एप्रिलमध्ये लडाखमधल्या देपसांगला चिनी तंबू लागले, तीन आठवडे ताणाताणी चालली. मे महिन्यात चीनचे तेव्हाचे पंतप्रधान ली खछियांग भारतात आले आणि मुंबईत कोटणीसांच्या बहिणीला भेटले. २०१४ च्या सप्टेंबरात शी जिनपिंग अहमदाबादेत साबरमतीकाठी झोपाळ्यावर, आणि त्याच दिवसांत लडाखमध्येच चुमारला सैन्य समोरासमोर. हे झाकून पोरांना मुत्सद्देगिरी काय शिकवणार, कप्पाळ?

आता प्रश्न. बारावीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, गलवानला हत्यारं होती तर गोळी का नाही चालली?" तिला दोन ओळींत पटेल असं उत्तर हवंय. दुसरं, २१ ऑक्टोबर २०२४ ला गस्तीची जी व्यवस्था जाहीर झाली, त्यावर 'सीमावाद मिटला' असा मथळा एकानं रंगवून ठेवलाय. तो काढायचाच आहे, पण त्या जागी काय लिहू? आणि आशियाच्या नकाशावर गटांगटांच्या रंगीत लोकरी ताणल्यात. क्वाड (भारत, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया) निळी, शांघाय सहकार्य संघटना (चीन, रशिया, मध्य आशियाई देश वगैरे) लाल. भारतावर दोन्हींचा गुंता झालाय. नकाशात नियंत्रण रेषा कुठून काढावी, हेही सांगा.

रिटायर्ड सुभेदार
सर, मुलीचा प्रश्न एक नंबर. १९९६ चा करार वाचायला द्या तिला. चीनकडच्या प्रत्यक्ष ताबारेषेपासून २ किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही, स्फोट करायचे नाहीत, असं दोन्ही देशांनी लिहून दिलेलं. हत्यार जवळ असायचं, पण चकमकीत ते वापरायचं नाही ही पद्धत पडून गेली होती. म्हणून त्या रात्री दगड आणि खिळे ठोकलेले दांडके चालले. चीनने स्वतःचे चार जवान गेल्याचं कबूल केलं ते २०२१ च्या फेब्रुवारीत.

आणि 'नियंत्रण रेषा' म्हणू नका, ती पाकिस्तानकडची. चीनकडची ती प्रत्यक्ष ताबारेषा. ती काढूच नका. दोघांनी मान्य केलेली अशी रेषा नाहीच. २००० साली फक्त मधल्या भागाचे नकाशे एकमेकांना दिले गेले, लडाखच्या भागाचं घोडं तिथेच अडलं. भारताची हद्द सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणे छापा, नाहीतर प्रदर्शन राहील बाजूला आणि नसती भानगड गळ्यात.

चहा_बिनसाखर
मथळा असा करा: 'देपसांग-देमचोकला गस्त पुन्हा सुरू'. तेवढंच झालं. गलवान, पँगाँग, गोग्रा, हॉट स्प्रिंग्ज इथले आधीचे बफर पट्टे (दोन्ही सैन्यांनी गस्त न घालण्याचे मधले पट्टे) त्या व्यवस्थेत आले नाहीत. सैन्य समोरासमोरून हटवणं, मग तणाव उतरवणं, मग जादा फौज परत नेणं, अशा तीन पायऱ्या आहेत, ही पहिली. दोनच दिवसांनी रशियात कझानला मोदी-शी भेट झाली. २०२५ च्या उन्हाळ्यात कैलास-मानसरोवर यात्रा सुरू झाली, ऑक्टोबरात थेट विमानं. हेही लावा.

लोकरीचा गुंता सोडवू नका, तोच खरा आहे. फक्त दोन लोकरी सारख्या जाडीच्या नकोत. क्वाडला ना संरक्षण करार, ना सचिवालय. शांघायवाल्यांचं सचिवालय बीजिंगला, दहशतवादविरोधी कार्यालय ताश्कंदला. भारत आणि पाकिस्तान २०१७ ला एकदमच आत गेले. जून २०२५ ला चीनमध्ये छिंगताओत याच संघटनेच्या संरक्षणमंत्र्यांच्या बैठकीत पहलगामच्या दहशतवादी हल्ल्याचा उल्लेख नाही म्हणून राजनाथ सिंहांनी संयुक्त निवेदनावर सही केली नाही. सप्टेंबरात तिथल्याच थ्यानचिनच्या शिखर परिषदेच्या घोषणापत्रात तो उल्लेख आला. एका सहीवरून काय घडतं, पोरांना यातूनच कळेल. भाषणं कमी लावा.

गप्प बस जरा
पोरांना परीक्षेचा अभ्यास करू द्या की.

कडक भाकरी
@गप्प बस जरा, हाच अभ्यास आहे.

सुभेदार साहेब, ताबारेषेचं आजच पोरांना सांगतो, रेषा काढणार नाही. १९९६ च्या कराराचं ते कलम मोठ्या अक्षरात, त्याखाली त्या मुलीचा प्रश्न जसाच्या तसा. छिंगताओ-थ्यानचिन शेजारी-शेजारी लावतो. समितीतल्या ज्येष्ठांना मी बघून घेतो, २०१३ च्या त्या भेटीपुढे त्यांना फार बोलता येणार नाही.

आता एकच. ली खछियांग आणि कोटणीसांच्या बहिणीच्या भेटीचा, आणि साबरमतीच्या झोपाळ्याचा फोटो प्रदर्शनात लावता येईल असा कुठून, कुणाच्या परवानगीनं मिळेल? छपाईवाला शुक्रवारपर्यंत थांबतो म्हणालाय.