खोंडाच्या अंगावर गाठी आल्यात, लंपीच (गुरांच्या कातडीवर गाठी आणणारा साथीचा आजार) असेल का?

माणदेशी_गडी: राम राम मंडळी. आमच्या खिलार खोंडाला परवापासून ताप, मानेवर अन् पाठीवर सुपारीएवढ्या गाठी, पुढच्या पायाला सूज, वैरणीला तोंड लावत नाही. शेजारचे तात्या म्हणतात उष्णता झालीय, ताक पाजा. लंपी असेल तर दोन गायींना आता लस द्यावी का? आणि दूध पोरांना चालेल का?

गोठा_नं_१: भाऊ, लंपीच वाटतेय. आधी त्याला लांब बांधा, दावण, पाण्याची बादली सगळं वेगळं, आणि जनावरांच्या डॉक्टरसाठी १९६२ या सरकारी हेल्पलाइन नंबरला फोन लावा. व्हायरस आहे, अँटिबायोटिकनं मरत नाही, ते जखमेत पू होऊ नये म्हणून देतात, त्यामुळं मेडिकलातून आणून स्वतःच टोचत बसू नका.

वैरणवाला: ताप नसलेल्या गायींना गोटपॉक्सची (शेळ्यांच्या देवीवरची) लस देतात, पण डॉक्टरांना बघू द्या. प्रत्येक जनावराला नवी सुई, यावर अडून बसा. लस घेतली की लगेच निर्धास्त नाही, अंगी लागायला तीनेक आठवडे जातात.

कासरा: गोचीड, डास, चावणाऱ्या माशांनीच जास्त पसरतं हे. शेणाचा ढीग हलवा, संध्याकाळी कडुलिंबाचा धूर करा. २०२२ ला बैलबाजार उगाच बंद नव्हते केले, आजारी जनावर गुपचूप विकणारे तेव्हाही होतेच. माणसाला होत नाही हो, दूध उकळून बिनधास्त प्या.

माणदेशी_गडी: फोन केलाय, डॉक्टर दुपारी येतायत. तात्यांना मात्र अजून पटलेलं नाही 😅