मिरगानंतर चालणं बंद, घरात बॅले सुरू करू का? (वय ४१)

गुहागरकरीण:
नमस्कार मंडळी. पतसंस्थेत नोकरी, दिवसभर खुर्ची. मेअखेरपर्यंत संध्याकाळी किनाऱ्यावर चालणं होतं, पण एकदा मिरग लागला की सगळं बंद. लेक सुट्टीत मावशीकडे मुंबईला बॅलेचं शिबिर करून आली. आता रोज खिडकीचे गज धरून सराव करते. परवा मीही तिच्या शेजारी उभी राहिले, तर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पोटऱ्या भरून आल्या. या वयात सुरू करण्यात अर्थ आहे का? वजन, कंबर, गुडघे, नक्की कशाला उपयोग होतो? घरात लादी आहे.

संगमेश्वरी चाळ:
ताई, दम वाढवायचा तर आपली जाखडी काय वाईट? पायात चाळ बांधून दोन गाणी फेर धरा, घामाची आंघोळ होते. आणि बॅले म्हणजे बारीक मुलींचं काम ना?

सड्यावरची:
ताई, जरूर करा. मुंबईत नोकरीला असताना पस्तिशीनंतर मी बॅले शिकायला लागले. आता राजापूरकडे सासरी असते, पण सराव सोडलेला नाही.

पहिला फायदा घोट्यांना. आमच्या घरापासून रस्त्यापर्यंत जांभ्याची पाखाडी आहे, श्रावणात तिच्यावर शेवाळ धरतं. पाय टेकताक्षणी घोटा सावरला तर ठीक, नाहीतर माणूस थेट खाली. बॅलेत रलव्हे म्हणून प्रकार आहे, टाचा उचलून चवड्यांवर उभं राहायचं. वर जाणं कुणालाही जमतं, कस लागतो तो उतरताना. चार आकडे मोजत टाच इतकी सावकाश खाली आणायची, की ती टेकल्याचा आवाजसुद्धा होता नये. पोटरी ताणली जात असतानाच अंगाचा भार पेलत असते, म्हणून ती दुखते आणि म्हणूनच बळकट होते. भार अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटावर ठेवा. करंगळीकडे कललात तर पाय मुरगळायचा. गज धरायचे ते नुसते बोटं टेकवून, आणि जरा सवय झाली की मधेच हात सोडून बघायचं. तोल तिथे तयार होतो.

कमरेचं म्हणाल तर तांद्यू करा. एका पायावर उभं राहून दुसरं पाऊल जमिनीवरून पुढे सरकवत न्यायचं, बोटं ताणायची आणि तसंच परत आणायचं. एवढंच. पण तेवढ्या वेळात ओटीपोट आणि पाठ यांनी कंबर जागची हलू द्यायची नाही. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचे हेच स्नायू झोपलेले असतात.

गुडघ्यांबद्दल मात्र कळकळीने सांगते. बॅलेत पावलं बाहेर वळवतात ती खुब्यातून. आरशात छान दिसावं म्हणून नुसती पावलं फिरवलीत, तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. खुबा वळेल तेवढंच वळा, आणि प्लिए करताना, म्हणजे गुडघे वाकवून खाली जाताना, गुडघा पायाच्या बोटांच्याच दिशेला राहू द्या.

वजनासाठी यावर विसंबू नका. गज धरून केलेल्या सरावात धाप फारशी लागत नाही, ती उड्यांमध्ये लागते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम सांगते. तिथे दादांची जाखडी अगदी रास्त. गणपतीत फेर धरणाऱ्या पोरांची छाती बघावी! पण दादा, बॅले बारीक मुलींपुरता नव्हे हो. फ्रान्सचा राजा चौदावा लुई स्वतः नाचायचा, १६६१ मध्ये त्यानेच पॅरिसला नृत्याची अकादमी काढली.

आणि ताई, लादीवर उड्या अजिबात नकोत. बॅलेच्या वर्गात किंचित दबणारी लाकडी जमीन असते, ती हादरा पोटात घेते. पावसात लादीला ओल सुटते, म्हणून आधी कोरड्या फडक्याने पुसा. योगाची जाड चटईही नको, पाय रुततो आणि वळताना गुडघा पिळवटतो.

चिपळूणची फिजिओ:
वरचं बरोबर आहे. एक भर घालते. रजोनिवृत्तीच्या आसपास हाडं विरळ होऊ लागतात, तेव्हा पायांवर भार घेऊन केलेले व्यायाम आणि तोल सांभाळायची सवय, दोन्ही उपयोगी. सुरुवातीला एक दिवसाआड करा. पोटरी भरून येणं चालतं. पण टाचेच्या मागच्या शिरेत सकाळी कळ आली किंवा गुडघ्याला सूज आली, तर थांबा आणि दाखवून घ्या.

गुहागरकरीण:
मनापासून आभार. आज रलव्हे केलं, उतरताना तिसऱ्या आकड्यालाच टाच धपकन पडते. लेक नऊ वर्षांची आहे, तिने टोकाच्या बुटांचा, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकांवर उभं राहून नाचायच्या बुटांचा, हट्ट धरलाय. घेऊ का?

सड्यावरची:
टाच पडू दे, महिन्याभरात चौथा आकडा सापडेल. टोकाचे बूट आत्ता मुळीच नकोत. काही वर्षं नेटाने शिकून घोटे बळकट झाल्यावर, साधारण अकरा-बारानंतर, तेही शिक्षिकेने पाय तपासून हो म्हटलं तरच. तोवर दोघींना मऊ स्लिपर घ्या, पण कापडी. चामड्याच्यांना आपल्याकडे आषाढात बुरशी येते. कापडी धुवून चुलीजवळ वाळत टाकता येतात.