लहानपणी जाऊन स्वतःलाच मुलगा करायचं : अशी कथा लिहावी की नाही?

घणसोलीकरीण
दिवाळी अंकासाठी एक विज्ञानकथा डोक्यात घोळतेय. घरात सांगितली तर जेवता जेवता दोन तट पडले, म्हणून लिहायला बसण्याआधी इथे टाकते.

नायिका जनी, साठीला टेकलेली, घणसोली गावठाणातली. १९७० साली पंचाण्णव गावांच्या जमिनीवर नवी मुंबई आखली गेली, त्यात तिच्या बापाची भातशेती गेली. पुढे १९८४ला जासई-दास्तानफाट्याच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. जनीच्या घरालाही प्लॉट मिळाला. भावांनी तो बिल्डरला दिला, सात मजले उठले. थोरला म्हणाला, "बाय, इथं सही कर." हक्कसोडपत्रावर सही झाली, जनीला साडी मिळाली.

आता महापे एमआयडीसीतल्या एका बंद कारखान्यात तिला कालयंत्र सापडतं. ती १९६६ला जाते, गरोदर आईला एक औषध पाजते आणि स्वतःच्या जागी जनार्दन जन्माला घालते. परत येऊन बघते तर जनार्दनाकडे दोन फ्लॅट, आणि त्याच टेबलावर तो धाकट्या बहिणीची सही घेतोय.

घरचा आक्षेप असा की यातून "बाईच्या दुखण्यावर उपाय काय, तर पुरुष होणे" असा अर्थ निघतो. माझं म्हणणं, हा विचार मनात कधीच डोकावला नाही अशी बाई मला आमच्या गावात भेटलेली नाही. मग लिहायचं का नाही?

वाशी_सेक्टर_१७
कथा लिहा, पण औषध काढा. मुलगा की मुलगी हे गर्भधारणेच्या क्षणीच ठरतं, बापाच्या शुक्राणूत एक्स होता की वाय यावर. वाय गुणसूत्रावरचा एसआरवाय हा जनुक १९९० साली सापडला. तो साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात काम सुरू करतो आणि गर्भाच्या ग्रंथी वृषणाच्या वाटेला लागतात. पोट दिसायला लागल्यावर काढा पाजून काही होत नाही.

बरं, त्याआधी जाऊन दुसरा शुक्राणू पुढे काढलात तर जन्माला येणारा जनार्दन म्हणजे जनी नव्हेच. तो तिचा भाऊ. बापाकडून आलेला अर्धा संच सगळाच नव्याने पिसला गेला. म्हणजे नायिकेने स्वतःला बदललं नाही, स्वतःला पुसलं.

एकच वाट उरते. गर्भ तोच, एक्स-एक्स, आणि त्यात एसआरवाय घुसवायचा. निसर्गात असे पुरुष क्वचित जन्मतात. पण त्यांना मूल होत नाही, कारण शुक्राणू तयार व्हायला लागणारे वायवरचे बाकीचे जनुक त्यांच्यात नसतात. आता बोला, सात मजल्यांचा वारस कोण?

नेरूळची_मावशी
विज्ञान राहू द्या बाजूला. गरोदर बाईला मुलगा होण्याचं औषध पाजणारी ही तुमची नायिका? असली औषधं देणारे वैदू आमच्या लहानपणी दारोदार फिरायचे, फक्त त्यांच्याकडे कालयंत्र नव्हतं. गर्भलिंगनिदानावर देशात पहिला कायदा महाराष्ट्राने केला, १९८८ला. केंद्राचा १९९४ला आला. साताऱ्यात 'नकोशी' नावाच्या मुलींची नावं २०११ला समारंभ करून बदलावी लागली. आणि आपण दिवाळी अंकात, फराळासोबत, एका मुलीच्या हातून तिलाच नकोशी करणार! मला नाही पटत. उगाच धाडसाच्या नावाखाली.

घणसोलीकरीण
मावशी, ती वैदू आहे हे मला मान्य आहे. तिला देवी कुठे केलंय मी? वाचकाला तिचा राग यावा, आणि तिचं खरंही वाटावं, दोन्ही एकदम.

वाशीकर, वारसाचा मुद्दा जबरदस्त आहे, तो मी चोरणार.

ऐरोली_ते_ठाणे
मी ट्रान्स बाई आहे, म्हणून मला टॅग केलंय बहुतेक. सगळ्यांना वाटतंय मी दुखावेन. तशी दुखावलेली नाही, पण वैतागलेय.

असं यंत्र मला मिळालं तर मी आज रात्री जाईन. परत यायचं तिकीटही काढणार नाही. "जशी आहेस तशीच छान आहेस" हे ज्यांना शाळेत मुलांच्या रांगेत उभं राहावं लागलं नाही त्यांनी सांगू नये. त्यामुळे 'बदलूच नये' असं म्हणणाऱ्या मावशींच्या बाजूला मी नाही.

पण जनीला पुरुष व्हायचंच नाहीये. तिला प्लॉट हवाय. हे दोन वेगळे त्रास आहेत, आणि कथेत ते एकाच यंत्रात कोंबले तर वाचक माझ्याकडेही तसंच बघणार, की हिला काहीतरी फायदा हवा असेल. तृतीयपंथीयांच्या हक्कांवरच्या २०१४च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला दिला. तुमच्या कथेत पोटातल्या जनीला कोण विचारतं? साठीची जनी सोळाच्या जनीपाशी जाऊन विचारते, असं का नाही करत? सोळाची जनी "नको, मला मैत्रिणींबरोबर वाशीला पिक्चरला जायचंय" म्हणाली तर पंचाईत कोणाची?

कोर्टनाका
ठाण्यात वकिली करतो, म्हणून राहवत नाही. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून बापाच्या वाट्यात मुलीचा हक्क आहेच. १९९४ला महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः सहहिस्सेदार केलं, पण २२ जून १९९४च्या आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीने लग्नाची अट गेली.

आता विचार करा. ज्याला हक्क नाही त्याची सही कोण कशाला घेईल? भावांनी हक्कसोड लिहून घेतलं म्हणजे हक्क आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तुमच्या नायिकेला १९६६ला जायची गरजच नाही. त्या टेबलापाशी जा आणि पेन खिशात घाला.

घणसोलीकरीण
वकीलसाहेब, कागदावर बरोबर. पण पेन खिशात घातलेल्या बहिणीला दुसऱ्या दिवसापासून माहेर नसतं. हळदीला बोलावणं नाही, भाऊबीज नाही, आई गेल्यावर निरोप शेजारणीकडून. सही न करणारी बाई आमच्याकडे आहे. तिला हिस्सा मिळाला, आणि ती आता गावात येत नाही. जनीला हिस्सा आणि माहेर दोन्ही हवंय, आणि ते तिच्या डोळ्यांसमोर फक्त पुरुषांना मिळालंय. म्हणून १९६६.

तळ्याकाठचा
ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या काठावरून दोन गोष्टी.

एक, हे आपल्याकडे नवीन नाही. नारदाची नारदी झाली आणि साठ संवत्सरं जन्मली, हे आजीकडून ऐकलेलं सगळ्यांनी. त्याहून भारी अनुशासनपर्वातला राजा भंगास्वन. इंद्राच्या रागापायी सरोवरात न्हाताना बाई झाला, बाई म्हणून शंभर मुलांची आई झाला. पुढे इंद्र प्रसन्न होऊन म्हणाला, परत पुरुष करतो. त्याने नको म्हटलं. तुमच्या जनीचा प्रवास नेमका उलट्या दिशेने चाललाय, त्या कथेशी टक्कर द्या की.

दोन, निवेदन 'मी'चं ठेवणार असाल तर मराठी क्रियापद घात करेल. 'मी आले' आणि 'मी आलो' यात पहिल्याच ओळीत गुपित फुटतं. पण 'मी दार उघडलं', 'मला वास आला', 'मी कागद वाचला' यात बोलणारा बाई की पुरुष, पत्ता लागत नाही. यंत्रातून उतरल्यावरची दोन पानं फक्त असल्या वाक्यांत लिहा. पहिलं 'आलो' सहीच्या टेबलापाशी येऊ दे. पुढील लेखनाला शुभेच्छा.

ऐरोली_ते_ठाणे
+१ क्रियापदाला. मी कित्येक वर्षं घरी असंच बोलायचे. "जेवण केलं", "अभ्यास झाला". आईला वाटायचं मुलगा घुमा आहे.

गावठाणातला_भाऊ
सगळे भावांवर तुटून पडलात. फायली घेऊन ऑफिसात खेटे कोणी घातले? आंदोलनात लाठ्या कोणी खाल्ल्या? बहीण सासरी होती तेव्हा.

घणसोलीकरीण
आंदोलनात बायकाही होत्या, दादा, तुमच्या घरात विचारा. पण खेट्यांचं खरं आहे. ते वाक्य जनार्दनाच्या तोंडी जाईल, धाकटीपुढे कागद सरकवताना, आणि तो ते मनापासून म्हणेल.

औषध मात्र काढणार नाही. वाशीकरांच्या जनुकाचं करेन काहीतरी, पण पाजायचं आईच्याच हातात देऊन, तांब्यातून. मावशी, रागावा खुशाल.

नेरूळची_मावशी
रागावलेच आहे. अंक आला की वाचेन, मग सविस्तर रागावेन.