कोल्हीण नायिका आणि तिला मारायला आलेला नायक, यांचं प्रेम पटेल असं कसं लिहू?

भडंगवाली_सांगली:
मंडळी मदत पाहिजे. सहा महिने झाले एक फँटसी लिहितीये, जपानी लोककथांवरची, एनिमीज टू लव्हर्स. नायिका कित्सुने म्हणजे रूप बदलणारी कोल्हीण, नायक ओन्म्योजी, दरबारातला मांत्रिक-ज्योतिषी म्हणा, त्याला हिला संपवायची आज्ञा आहे. काळ हेइआन, म्हणजे ७९४ ते ११८५ मधला. नऊ प्रकरणं दोघं मस्त भांडतात आणि दहाव्यात पावसात एका देवळात अडकतात आणि झालं, प्रेम. मैत्रिणीला कृष्णेच्या घाटावर बसून वाचून दाखवलं तर म्हणली, एवढा दातओठ खाणारा माणूस एका सरीत विरघळला? गुळाची ढेप हाय का ती? 😭 बरोबरच आहे तिचं. काय करू?

घाटावरचा_सातारकर:
होशी नो तामा वापर की. कित्सुनेजवळ एक चमकता मणी असतो, तोंडात नाहीतर शेपटीत धरते, तो ज्याच्या हाती लागला त्याचं तिला ऐकावं लागतं. आमची आज्जी गिऱ्ह्याचं, म्हणजे पाण्यातल्या भुताचं, असंच सांगायची, त्याचा केस लपवून ठेवला की तो घरात राबतो. मणी नायकाला मिळूदे, मग बघ गंमत.

भडंगवाली_सांगली:
पण मग ती अडकलेलीच ना. प्रेम खरं का मण्यामुळं हे तिचं तिलाच कळणार नाही. नको ते.

घाटावरचा_सातारकर:
मग दहाव्यात त्यानं मणी परत द्यायचा, आणि तिनं निघून जायचं. आभार बिभार काय नाय. पुढं कधी आली तर स्वतःच्या पायानं आली.

पांढरीपाटी:
एवढं जपान कशाला, आपल्या मुंजावर लिहा की.

वाचतबसलेली_माई:
मुंजावरही लिहील ती, आधी हे होऊदे. बाळ, मुळात यांचं वैर कशाचं आहे? आज्ञा आहे म्हणून मागं लागला ही ड्युटी झाली, वैर नव्हे, म्हणून ते एका पावसात धुतलं जातं. आता गंमत बघ. आबे नो सेईमेई हा सगळ्यात गाजलेला ओन्म्योजी, ९२१ ते १००५, खरा होऊन गेलेला माणूस, पण दंतकथेत त्याची आई कुझुनोहा ही कोल्हीण. शिनोदाच्या रानात बापानं तिला शिकाऱ्यांपासून वाचवलं, लग्न झालं, पोरानं एक दिवस तिचं खरं रूप बघितलं आणि ती मागं एक कविता ठेवून निघून गेली. आणि तोबा सम्राटाला आजारी पाडणारी तामामो-नो-माए, ती कोल्हीण आहे हे ओळखणारा मांत्रिक कुठला? त्याच आबे घराण्यातला! म्हणजे कोल्हिणीचंच रक्त अंगात घेऊन कोल्हिणी धरायच्या. तुझा नायक तसल्या घरातला कर, आई टाकून गेली म्हणून समस्त कोल्हिणींवर डूख धरलेला, आणि तुझ्या नायिकेला माहीत असूदे की ती का गेली. ती सांगत नाही, कारण तिचं कुणीतरी याच्या घराण्यानं मारलंय.

घाटावरचा_सातारकर:
माई 🙏

वाचतबसलेली_माई:
आणि पाऊस काढू नकोस हं, फक्त ऊन पाड. उन्हात पाऊस आला की आपण कोल्ह्याचं लगीन म्हणतो ना, जपानातसुद्धा तेच म्हणतात, कित्सुने नो योमेइरी. ती मणी घेऊन निघाली आणि बाहेर तसला पाऊस, त्याला तर अर्थ माहीतच असणार.

भडंगवाली_सांगली:
माई अंगावर काटा आला. दहावं प्रकरण पुसलं आत्ताच. मैत्रिणीला सांगितलेलं नाहीये अजून, म्हणणार मी म्हणलंच होतं.