स्क्लेरोडर्मात स्टेम सेल प्रत्यारोपण: लवकर की सगळं थकल्यावर?

अस्थिमज्जा
त्वचा भराभर आवळतेय, फुप्फुसं नुकतीच धरलीत, अशा डिफ्यूज (अंगभर पसरलेल्या) स्क्लेरोडर्माच्या, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीमुळे त्वचा आणि अवयव ताठरणाऱ्या आजाराच्या रुग्णाला दोन-तीन वर्षं गोळ्यांवर ठेवून मग आमच्याकडे प्रत्यारोपणासाठी पाठवतात (रुग्णाच्याच मूळ पेशी काढून ठेवायच्या, जोरदार केमो द्यायची, मग त्या परत सोडायच्या). तोवर हृदय-फुप्फुसं इतकी खालावतात की आम्हालाच नाही म्हणावं लागतं. २०१८च्या स्कॉट चाचणीत ५४ महिन्यांनंतर प्रत्यारोपण गटातले ७९% रुग्ण जिवंत होते आणि कुठला मोठा अवयवही निकामी झाला नव्हता. नुसत्या सायक्लोफॉस्फामाइडच्या (प्रतिकारशक्ती दाबणारं केमोचं औषध) गटात ५०%. मग थांबायचं कशाला?

संधिवातकट्टा
सोयीचा आकडा उचललात! २०१४च्या अ‍ॅस्टिस या प्रत्यारोपणाच्याच चाचणीमध्ये प्रत्यारोपण गटातल्या ७९पैकी ८ जण पहिल्याच वर्षी उपचारापायी गेले. शिवाय दोन्हीकडे तुलना होती ती महिन्याला एक अशा सायक्लोफॉस्फामाइडच्या १२ डोसांशी. आज मायकोफेनोलेट, रिटुक्सिमॅब, टोसिलिझुमॅब, निन्टेडॅनिब अशी नवी औषधं हाताशी आहेत. त्यांच्याशी सामना झालाय कुठे?

अस्थिमज्जा
तुलनेचा मुद्दा मान्य. मृत्यूंचं मात्र नीट बघा. अ‍ॅस्टिसच्या पद्धतीत ४ दिवसांत किलोमागे २०० मिग्रॅ सायक्लोफॉस्फामाइड जातं. मूत्राशयातून रक्त जाऊ नये म्हणून मेस्ना हे संरक्षक औषध आणि भरपूर सलाइन. वर एटीजीमुळे (टी-पेशी मारणारी प्रतिपिंडं) केशवाहिन्या पाझरतात. ताठरलेल्या हृदयाला हा पाण्याचा भार झेपत नाही, आणि साध्या इकोत ते दिसेलच असं नाही. म्हणून हृदयाच्या उजव्या बाजूचं कॅथेटरायझेशन (आत नळी घालून दाब मोजणं) करून १० मिनिटांत १ लिटर सलाइन द्यायचं. फुप्फुसधमनीचा सरासरी दाब आधीच २५ मिमी पाऱ्याच्या वर, किंवा सलाइननंतर ३०च्या वर गेला, की तिथेच थांबायचं. सोबत गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट औषध देऊन हृदयाचा एमआरआय. ही चाळणी नसेल तर मीही तुमच्याच बाजूने.

वॉर्डबॉय_नव्हे
किडनी विसरलात. एटीजीची रिअ‍ॅक्शन दाबायला मेथिलप्रेड हे स्टिरॉइड द्यावंच लागतं, आणि स्क्लेरोडर्मात स्टिरॉइड म्हणजे रीनल क्रायसिसला (बीपी एकदम चढून किडनी निकामी होणं) आमंत्रण. बीपी दिवसातून अनेकदा मोजा, चढलं तर एसीई इन्हिबिटर या बीपीच्या औषधाला उशीर नको. आपल्याकडे सुप्त टीबी आणि हिपॅटायटिस बी आधी तपासा. तरुण मुलींशी बीजांडं गोठवण्याचं पहिल्या केमोआधी बोला. पेशी काढतानाच सायक्लोफॉस्फामाइड सुरू होतं, नंतर बोलून उपयोग नाही.
आणि ‘स्टेम सेलचं इंजेक्शन’ विकणाऱ्या क्लिनिकांशी याचा संबंध नाही. इथे आजार दाबते ती केमो. पेशी फक्त मज्जा पुन्हा उभी करतात.

संधिवातकट्टा
चाळणी पटली, घाई नाही. नेदरलँड्समधली अपसाइड चाचणी आखलीय ती याच प्रश्नासाठी: थेट प्रत्यारोपण, की आधी औषधं आणि गरज पडली तरच प्रत्यारोपण. तोवर माझा रुग्ण आधी मायकोफेनोलेटवर. दर ३ महिन्यांनी एफव्हीसी (फुप्फुसाची श्वासक्षमता) आणि त्वचेच्या ताठरपणाचा स्कोअर. एफव्हीसी घसरलं किंवा स्कोअर वाढला, की त्याच आठवड्यात तुमच्याकडे.

अस्थिमज्जा
एफव्हीसी घसरलेलं दिसतं तेव्हा गेलेलं फुप्फुस परत येत नाही. निदान कॅथ तरी आधीच करून ठेवा.