एकाच वेळी सह्याद्रीवर पांढरे आणि समुद्रावर काळे ढग का दिसतात?

प्रश्न (मालवण) :
मे महिन्याच्या अखेरीस, दुपारी चारनंतर, आमच्या गच्चीवरून सह्याद्रीच्या बाजूचे ढग पांढरेशुभ्र दिसतात, तर त्याच वेळी समुद्रावरचे ढग काळपट असून त्यांच्या कडा तेवढ्या झगझगतात. पाण्याला स्वतःचा रंग नसताना असे का व्हावे? काळ्या ढगात पाणी जास्त, हे वडीलधाऱ्यांचे म्हणणे कितपत खरे मानावे?

प्रतिसाद १ (रत्नागिरी) :
आधी पांढऱ्या रंगाविषयी. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. हवेचे रेणू तिच्यापेक्षा फारच लहान असल्यामुळे निळा प्रकाश अधिक विखुरतात आणि म्हणून आकाश निळे दिसते. ढगातले जलबिंदू मात्र १० ते २० मायक्रॉन व्यासाचे, म्हणजे तरंगलांबीहून कितीतरी मोठे असल्याने सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. पारदर्शक खडीसाखर कुटली की चुरा पांढरा दिसतो, तसेच हे आहे.

प्रतिसाद २ (देवगड) :
तुमच्या निरीक्षणातली खरी गोम सूर्याच्या जागेत आहे. दुपारनंतर सह्याद्रीकडे तोंड केले की सूर्य आपल्या पाठीशी येतो आणि ढगाची उजळलेली बाजू दिसते. समुद्राकडे पाहताना तोच सूर्य ढगाच्या मागे असतो; जाड ढग बराचसा प्रकाश मागे परतवतो, त्यामुळे आपल्या वाट्याला त्याची सावलीतली बाजू येते. कडा पातळ असल्याने तेथून प्रकाश फारसा न वळता सरळ पुढे येतो. सकाळी, सूर्य डोंगरावर आल्यावर, समुद्राकडे अवश्य पाहा. तेव्हा तिकडचेच ढग उजळ दिसतील.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. पाण्याचा मुद्दा मात्र राहिला.

प्रतिसाद ३ (वेंगुर्ले) :
वडीलधाऱ्यांचा अनुभव खरा आहे, कारण मात्र थोडे वेगळे आहे. पाणी दृश्य प्रकाश फारच थोडा शोषते, त्यामुळे काळेपणा पाण्याच्या रंगाचा नव्हे. २० मायक्रॉनचे दहा लाख जलबिंदू एकत्र आले की २ मिलिमीटरचा पावसाचा एक थेंब होतो, आणि तेवढेच पाणी मोठ्या थेंबांत असले तर प्रकाश उलट कमी विखुरला जातो. तरीही पावसाळी ढगाचा तळ काळवंडतो, कारण गडगडाटी ढग दहा किलोमीटरहूनही उंच वाढतो आणि एवढ्या जाडीतून खालपर्यंत फारच थोडा प्रकाश झिरपतो. जाडी वाढली की एकूण पाणीही वाढतेच, म्हणून काळा ढग पाहून वाळत घातलेली आमसुले आत घेणे योग्यच. फक्त सूर्यासमोरचा लहानसा ढगही काळा दिसू शकतो, तेव्हा अंदाज बांधताना डोक्यावरच्या ढगाचा तळ पाहावा.